प्लेटांवरची धूळ आणि नुकसानीची पातळी

(नंदनवन, नागपूर येथील जिल्हा बैठकीत केलेलं भाषण)



सकाळपासून कापसाच्या खरेदीवर आणि पीकविम्यावर बोलणं झालं. आता अर्धा तास छपराकडे बघू. कार्यक्रमपत्रिकेत 'घरच्या सोलरची देखभाल' असा विषय वाचून काहींनी आम्हाला विचारलं, की हा काय आपला विषय आहे? प्लेट बसवणाऱ्याचं ते काम. आम्ही म्हणतो, जिथे शेतकऱ्याच्या नावावर कर्ज आहे तो आपला विषय आहे.

१३ फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्यावर कितीही असो, ७८ हजार रुपये अनुदान. उरलेली रक्कम घरची किंवा बँकेची. आपला नागपूर जिल्हा छतावरच्या सोलरमध्ये राज्यात आघाडीवर आहे, याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. या जिल्ह्यात जी प्लेट शहरातल्या बंगल्यावर बसली, ती आता तुमच्या टिनाच्या नाहीतर स्लॅबच्या घरावरही बसली आहे. बसवणारा काय सांगून गेला? "पंचवीस वर्षं बघायचं काम नाही."

हे पंचवीस वर्षांचं वाक्य नीट समजून घ्या. प्लेटेची ताकद दहा वर्षांनी ९० टक्क्यांच्या आणि पंचवीस वर्षांनी ८० टक्क्यांच्या खाली जाणार नाही, अशी ती हमी असते. हमी काचेच्या आतल्या मालाची आहे. काचेच्या वर जे साचतं त्याची हमी कोणी देत नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते म्हणून वावरात निंदण करावं लागत नाही, असं आपण कधी म्हणतो काय?

सरकारी अनुदानाची एक जुनी खोड आहे. ते वस्तू बसवायला मिळतं, वस्तू चालवायला मिळत नाही. १९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव गोबर गॅसच्या टाक्या बांधल्या गेल्या, उद्दिष्टं पूर्ण झाली, आकडे दिल्लीला गेले. तुमच्या गावात त्यातल्या किती टाक्यांवर आज चहा होतो, ते तुम्हीच सांगा. गॅस वाईट नव्हता. शेण कोण कालवणार, पाईपातलं पाणी कोण काढणार, घुमट गळायला लागला तर कोणाला बोलवायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं. सोलरचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी हा अर्धा तास.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दर महिन्याला ठरलेली आवक कसलीच नाही. कापूस दिवाळीनंतर, ज्वारी उन्हाळ्याच्या तोंडाशी, तीही आली तर. हप्ता मात्र दर महिन्याला. हा हप्ता वाचलेल्या बिलातून फिटेल, या हिशेबावर तुम्ही सही केली आहे. तो हिशेब एका किलोवॉटला महिन्याला सुमारे १२० युनिट धरून केलेला असतो. तीन किलोवॉटला ३६० युनिट, म्हणजे दिवसाला १२. यातले दहा टक्के धुळीने खाल्ले तर ३६ युनिट गेले. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला २८८ रुपये, मार्च ते मे या तीन महिन्यांत ८६४ रुपये. रक्कम मोठी नाही. पण हप्ता ठरवताना ती तुम्ही मोजलेली नव्हती आणि बँक तुमची धूळ वजा करून हप्ता घेत नाही.

हे नुकसान दिसत नाही, ही खरी अडचण आहे. पऱ्हाटीवर मावा आला तर पान आकसतं, चिकटा दिसतो. प्लेट धुळीने भरली तरी घरातला दिवा तसाच लागतो, पंखा तसाच फिरतो. कमी पडलेली वीज महावितरणच्या तारेतून येते आणि बिलात मिसळून जाते. प्लेट आजारी आहे हे प्लेट सांगत नाही, आकडा सांगतो.

फवारणीचा नियम इथेही

आम्ही शेतीशास्त्र शिकलो ते आर्थिक नुकसानीच्या पातळीपाशी. किडीचं नाव घेतलं की फवारायचं नाही. कीड किती आहे ते मोजायचं आणि तिने होणारं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तेव्हाच पंप पाठीवर घ्यायचा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावा, सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ पतंग सापडले की पातळी ओलांडली, हे आम्ही तुम्हाला इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही म्हणाल. धुळीलाही हाच नियम लावायचा.

सापळा घरातच आहे. इन्व्हर्टरच्या पडद्यावर, नाहीतर मुलाच्या मोबाईलमध्ये, आज किती युनिट झाले हा आकडा संध्याकाळी दिसतो. एक वही करा. तारीख, युनिट, आणि एक शब्द: ऊन, ढग, पाऊस. एवढंच. रोज जमलं नाही तर दोन दिवसांआड लिहा, पण निरभ्र दिवसाचा आकडा चुकवू नका.

मग महिन्यातून एकदा तपासणी. निरभ्र दिवस बघून आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी पहाटे प्लेटा धुवा. त्या दिवशीही आभाळ स्वच्छ असेल तर संध्याकाळचा आकडा पुन्हा लिहा. दोन आकड्यांतला फरक हा धुळीचा वाटा. आदल्या दिवशी ११ आणि धुतल्यावर १२.२ आले तर धूळ साधारण दहा टक्के खात होती. ११.८ वरून १२ झाले तर आपण उगाच शिडी चढलो. पुढच्या वेळी आणखी पंधरा दिवस थांबायचं. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर उपचार केलेला वाफा आणि न केलेला वाफा शेजारीशेजारी ठेवतात, तसंच हे. फक्त दोन वाफ्यांऐवजी दोन दिवस.

एक सावधगिरी. मे महिन्यातला आकडा फेब्रुवारीच्या आकड्याशी ताडू नका. ऊन वाढलं म्हणजे वीज वाढते असं आपल्याला वाटतं, पण प्लेटेला उजेड हवा असतो, ताप नको असतो. २५ अंशांच्या वर तापमान गेलं की प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. नव्या प्लेटांत थोडं कमी. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत. अशा दुपारी काचेचा ताव ६५ अंशांपर्यंत गेला तर चाळीस अंशांचे सोळा टक्के तिथेच गेले, प्लेट आरशासारखी स्वच्छ असली तरी. म्हणून त्याच आठवड्यातल्या दोन दिवसांची तुलना करायची. नाहीतर उन्हाचा गुन्हा धुळीवर लागेल आणि तुम्ही रोज काच घासत बसाल.

आमचा ढोबळ अंदाज असा, की धुण्याने दिवसाला निम्म्या युनिटाहून जास्त फरक पडत असेल तर तीन किलोवॉटच्या घराने धुवावं. पंधरा दिवसांत निदान सात-आठ युनिट, म्हणजे साठेक रुपये. बदल्यात घरच्या माणसाचा अर्धा तास आणि दोन बकेट पाणी. पण धुण्याला माणूस लावून समजा ३०० रुपये देत असाल, तर ते वसूल व्हायला दहा टक्के धुळीलाही महिना लागतो. शहरात दर आठवड्याला प्लेटा धुऊन देतो म्हणणारे फिरतात. त्यांना दर आठवड्याला पैसे देणं म्हणजे सापळ्यात पतंग नसताना फवारणी करणं.

दुसऱ्या टोकाचंही सांगतो. २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गांधीनगरच्या आयआयटीतल्या आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी केला होता. गांधीनगरच्या प्लेटा वीस-तीस दिवसांनी धुतल्या जात आणि धुतल्यावर उत्पादन सुमारे पन्नास टक्क्यांनी उसळे. तो गुजरातचा कोरडा, धुळीचा मुलूख आहे. आपल्याकडे तेवढं होईलच असं नाही, आणि म्हणूनच वही हवी. पण त्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. काचेवर साचलेल्या मळात ९२ टक्के साधी धूळ होती आणि ८ टक्के माणसाच्या जळणातून, धुरातून आलेले बारीक कण. वजनाला कण थोडे, पण उजेड अडवण्यात धुळीपेक्षा वरचढ, आणि पुसायलाही चिवट.

कोणाच्या घरी कोणती धूळ

आता हे नंदनवनच बघा. नाव इंद्राच्या बागेचं, आणि वस्तीच्या एका अंगाला उमरेड रस्त्याचे ट्रक, जवळच भांडेवाडीचा कचरा डेपो. त्या कचऱ्याला उन्हाळ्यात किती वेळा आग लागली हे इथल्या लोकांना विचारा. उत्तरेकडे कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं, त्यांची राख. शहरभर सिमेंट रस्त्यांची खोदाई. इथली काच काळपट-राखाडी होते, बोट फिरवलं तर बोटाला तेलकट लागतं. ती नुसत्या पाण्याने उतरत नाही, फडक्याने पुसावीच लागते.

तुमच्या गावची धूळ वेगळी. जानेवारी-फेब्रुवारीत पऱ्हाट्या पेटवल्या की काजळी. ज्वारीच्या मळणीत थ्रेशर घराशेजारी लावलं की कोंडा आणि बारीक कुटार. जिनिंगजवळच्या घरांवर कापसाचा रुवा, तो काचेवर बसला की धुळीला धरून ठेवतो. मार्चपासून वखरलेल्या काळ्या वावरातली माती वाऱ्यावर. आणि हिवाळ्यातलं दंव. लोक समजतात दंवाने काच धुतली जाते. उलट आहे. दंव धुळीला ओलं करतं, सकाळचं ऊन ते वाळवतं, आणि असं पंधरा-वीस वेळा झालं की सारवलेल्या भिंतीसारखा पापुद्रा बसतो. दंव कामाला लावायचं असेल तर ते वाळायच्या आत, सूर्य उगवायच्या सुमारास, लांब दांडीच्या मऊ वायपरने ओढून घ्या. त्या दिवशी पाणीही वाचलं.

थ्रेशर दुसऱ्या अंगाला लावता येतं. पऱ्हाटी जाळण्याऐवजी बारीक करून जमिनीत गाडा असं आम्ही जमिनीसाठी सांगत आलो आहोत. आता प्लेटेसाठीही सांगतो.

पावसाळ्यात मात्र निवांत राहा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पाऊस चांगला पडला तर तो तुमच्यापेक्षा चांगला धुतो. पण खालच्या कडेकडे बघा. प्लेटेला अॅल्युमिनियमची चौकट असते आणि उतार कमी असेल तर पाणी त्या चौकटीशी अडतं. पाणी सुकतं, गाळ राहतो. दोन-तीन बोटं रुंदीची मातीची पट्टी तयार होते. दिसायला क्षुल्लक. ती क्षुल्लक का नाही, ते समजून घेऊ.

एका प्लेटेत काळे-निळे चौकोन दिसतात, ते एकामागे एक जोडलेले असतात. आणि छतावरच्या सहा प्लेटाही एकामागे एक जोडलेल्या. वीज सगळ्यांतून एकाच ओळीने जाते. बंडीला जुंपलेली जोडी लंगड्या बैलाच्या चालीने चालते ना, तसं. एका चौकोनावर सावली पडली की ती ओळ त्याच्या चालीने चालते. यावर उपाय म्हणून प्लेटेच्या मागच्या डबीत बहुतेक तीन डायोड असतात. ते आजारी भागाला वगळून बाकीच्यांना पुढे जाऊ देतात, म्हणजे तिसरा हिस्सा गेला आणि दोन हिस्से वाचले. पण प्लेट उभी बसवली असेल आणि गाळाची पट्टी खालच्या सगळ्या चौकोनांवर आली असेल, तर जुन्या पद्धतीच्या प्लेटेत तिन्ही हिस्से एकदमच लंगडे होतात. नव्या, अर्धे चौकोन केलेल्या प्लेटांत वरचा अर्धा भाग बराच तग धरतो. तरी काचेवरची दोन बोटं माती तिच्या आकाराच्या कितीतरी पट वीज खाते. सगळी प्लेट धुवायला पाणी नसेल तर निदान खालची पट्टी पुसा.

पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच. कावळा-कबुतराचा एक ठिपका एका चौकोनाला झाकतो, आणि बाकीच्यांची वीज त्या झाकलेल्या चौकोनातून जबरदस्तीने जायला लागली की तो तापतो. वर्षानुवर्षं तसाच राहिला तर तिथे तपकिरी डाग पडतो. तो मग धुऊन जात नाही. म्हणून धूळ पंधरा दिवस थांबू शकते, विष्ठेला थांबवू नका. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवा, मऊ पडू द्या, मग पुसा. खुरप्याने खरवडू नका. शहरात प्लेटांखाली कबुतरं घरटी करतात, तिथे कडेने जाळी मारतात. तुमच्याकडे वानरांचा त्रास. वानराचं वजन काच बहुधा सोसते, पण दोन प्लेटांमधल्या तारा ते ओढतं, आणि उंदीर-खार त्या कुरतडतात. तारा लोंबकळत असतील तर पाईपात घालून घ्या.

दोन बकेट पाणी

मायबहिणींचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये प्यायचं पाणी डोक्यावरून आणायचं आणि हे म्हणतात काच धुवा! बरोबर आहे. म्हणून पहिली गोष्ट, सहा प्लेटांना दोन बकेटांपेक्षा जास्त पाणी लागत नाही. नळी सोडून द्यायची नाही. आधी कोरड्या मऊ ब्रशने किंवा सुती फडक्याने सैल धूळ हलक्या हाताने वरून खाली झटकायची, मग ओलं फडकं, मग वायपरने निथळून घ्यायचं. ते पाणी खाली घमेल्यात धरलं तर मोगऱ्याला, कढीपत्त्याला जातं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जातीची. कुलरच्या ताट्यांवर दोन महिन्यांत पांढरा थर बसतो तो सगळ्यांनी पाहिला आहे. तो बोअरच्या पाण्यातला क्षार. तेच पाणी उन्हात काचेवर वाळू दिलं की तेच होणार, आणि मग धूळ परवडली म्हणायची वेळ येते. विहिरीचं गोडं पाणी चांगलं, पावसाचं साठवलेलं सगळ्यात चांगलं. बोअरचंच असेल तर वायपरने काच कोरडी केल्याशिवाय खाली उतरू नका.

वेळ पहाटेची. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काय होतं, हे कंदिलाची काच फोडलेल्या घरांना सांगायला नको. शिवाय पहाटे प्लेटेत वीज नसल्यासारखी असते, तो फायदा वेगळाच.

राख, माती, तारेची घासणी, कपड्याची पावडर, यांतलं काही लावू नका. काचेवर उजेड आत ओढून घेणारा बारीक लेप असतो. तो भांड्यासारखा घासला तर निघून जातो आणि परत लावता येत नाही. चिकट डागाला भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरे. मोटारसायकल धुण्याचा जोराचा पंपही नको, पाणी चौकटीच्या फटीतून आत शिरतं.

पाठीवरच्या फवारणी पंपाबद्दल मुद्दाम सांगायचं आहे, कारण तो विचार प्रत्येकाच्या मनात येतो. पंधरा-सोळा लिटरची टाकी, लांब नळी, बारीक फवारा. कामाला अगदी सोयीचा. पण ज्या पंपात कधी औषध घातलं आहे तो घराच्या छपरावर वापरू नका. धुतला तरी टाकीत, नळीत अंश राहतो. खाली अंगण आहे, कोंबड्या आहेत, गुरांचं टाकं आहे, लेकरं आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते आपण विसरलेलो नाही. दोन-तीन घरांनी मिळून याच कामासाठी नवा पंप घ्यावा आणि त्याला लाल रंग मारून ठेवावा.

टिनाच्या छपरावर एकट्याने चढू नका. खाली शिडी धरायला माणूस पाहिजे. ओल्या टिनावर पाय सरकतो, आणि जुना टिन वजनाने खचतो. जमिनीवरून किंवा शिडीवरून लांब दांडीने होईल तेवढंच करा. प्लेटेवर पाय देऊ नका, लेकरांना तर मुळीच चढवू नका. वरची काच फुटणार नाही, पण आतले चौकोन कागदासारखे पातळ असतात, त्यांना बारीक तडे जातात; ते डोळ्यांना दिसत नाहीत.

आणि ही वीज महावितरणच्या विजेसारखी नाही. खांबावरचा फ्यूज काढला की घरची तार मरते. प्लेटेची तार ऊन आहे तोवर जिवंत असते. सहा प्लेटा एकामागे एक जोडल्या की अडीचशे-तीनशे व्होल्टच्या घरात जातात, आणि एकाच दिशेने वाहणारी ती वीज ठिणगी धरली की सोडत नाही. छपरावर जाण्याआधी इन्व्हर्टरचा घराकडचा स्विच बंद करा, मग प्लेटांकडचा. तरीही प्लेटेपासून स्विचपर्यंतच्या तारेत दाब आहे असं समजूनच वागा. काच तडकलेली असेल, तारेचं आवरण फाटलेलं असेल, तर ओलं फडकं घेऊन जवळ जायचं नाही, तंत्रज्ञाला बोलवायचं. पावसात इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून बंद पडत असेल तर तो बहुधा गळतीच सांगत असतो. पुन्हा पुन्हा चालू करून त्याला गप्प करू नका.

जमिनीतलं काम

हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण आमच्या मते धुण्यापेक्षा हे मोठं. सोलरसोबत अंगणात अर्थिंगचे खड्डे केलेले असतात: एक प्लेटांकडच्या बाजूचा, एक घरच्या विजेचा, एक वीजरोधकाचा. ते झाकणाखाली असतात म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. आता तुमची जमीन कसली? काळी, भारी. पावसात फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांनी पऱ्हाटीची मुळं तुटतात तशीच अर्थिंगच्या कांबीची मातीशी असलेली पकड सुटते. माती कोरडी, पकड सुटलेली, आणि नेमक्या त्याच दिवसांत, मे-जूनमध्ये, विजा कडाडायला लागतात. म्हणून मार्चपासून पंधरा दिवसांनी प्रत्येक खड्ड्यात बकेटभर पाणी घाला. यासाठी कुलरचं उतरलेलं खारं पाणीही चालतं. आणि वर्षातून एकदा, पावसाआधी, तंत्रज्ञाकडून मोजून घ्या. आकडा पाच ओहमच्या आत हवा. तो आकडाही वहीत लिहा.

नागपूरच्या पट्ट्यात बांधकामासाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरायचा असं भारतीय मानक सांगतं. तासाला दीडशे किलोमीटरच्या वर. सांगाडा त्या हिशेबाने असावा. दिवाळीच्या सफाईत एकदा नटबोल्ट हाताने हलवून बघा. गारपिटीचं म्हणाल तर पंचवीस मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळीने ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर वेगाने मारून प्लेटेची चाचणी होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना पंचवीस मिलिमीटर म्हणजे बोराएवढी गार, हे सांगावं लागणार नाही, आणि त्याहून मोठ्याही पडतात हेही. घराच्या सोलरचा विमा काढला आहे काय ते कागदात बघा. नसेल तर विचारा. गार पडल्यावर काच शाबूत दिसली तरी पुढच्या निरभ्र दिवसाचा आकडा ताडून घ्या.

इन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. तो सावलीत, हवा खेळेल असा हवा. त्याच्यावर पोतं टाकायचं नाही, कापूस घरात भरला की त्याच्याभोवती बोजे लावायचे नाहीत. रुवा आत गेला की तो तापतो, आणि तापला की स्वतःहून वीज कमी करतो. आणि लाईन गेली की सोलरही बंद पडतं, ही तक्रार प्रत्येक गावात ऐकतो. तो बिघाड नाही. बॅटरी नसलेला संच लाईन गेल्यावर मुद्दाम थांबतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगात तुमच्या छपरावरची वीज जाईल.

करार कोणाकडे आहे?

अनुदानाच्या योजनेत संच बसवणाऱ्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी आहे. ती मेहरबानी नाही, तिचे पैसे किमतीत घेतलेले आहेत. इथे बसलेल्यांपैकी किती जणांकडे तो करारनामा आहे? हात वर करायला सांगत नाही, घरी जाऊन पेटी बघा. नसेल तर मागा. प्लेटांच्या मागचे क्रमांक, इन्व्हर्टरचा क्रमांक, बसवल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तंत्रज्ञ आला तर त्याची सही आणि त्याने काय केलं ते लिहून घ्या. न येताच 'भेट दिली' असा कागद पुढे केला तर सही करू नका. तक्रार तोंडी करू नका. वहीतले आकडे जोडून लेखी करा. तीन महिन्यांच्या आकड्यांपुढे "ढग असतील हो" हे उत्तर टिकत नाही.

एका घराला हे सगळं जड जातं. दहा-बारा घरं मिळाली तर जड नाही. २०२४ मध्ये साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याची वाडी महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम झालं. अख्खी वाडी एकाच विजेवर असली की देखभालही वाडीचीच होते. आपल्या गावात आयटीआय केलेला एखादा पोरगा असतोच. केंद्र सरकारचं सूर्यमित्र नावाचं प्रशिक्षण २०१५ पासून आहे, त्याला तिकडे पाठवा. एक लांब दांडीचा वायपर, एक लाल पंप, एक मीटर, एवढं सामान गावाचं. त्याला वर्षाला प्रत्येक घराने काय द्यायचं ते ग्रामसभेत नाही, तुम्ही दहा घरांनी बसून ठरवा.

शेवटी भावाचं बोलू. त्याशिवाय आपली बैठक संपत नाही. तुमचा वापर महिन्याला दीडशे युनिट आणि छपरावर तीन किलोवॉट असेल, तर दोनशे युनिट तारेत परत जातात. ते वर्षभर तुमच्या खात्यावर पुढे सरकतात, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटला मिळणारा भाव आपण वीज घेतो त्या भावापेक्षा बराच कमी असतो. घेताना त्यांचा भाव, देतानाही त्यांचाच. एकाधिकार खरेदीत कापूस घातलेल्या माणसांना यात नवल वाटायचं कारण नाही. म्हणून अशा घराने दहा टक्के धुळीसाठी जिवाचा आटापिटा करू नये; त्याच्या बिलात फरक पडणार नाही. विष्ठा पुसा, खालची पट्टी पुसा, अर्थिंगला पाणी घाला, बस्स. ज्याच्या घरी पिठाची गिरणी आहे, कुलर दोन आहेत, जो सगळी वीज वापरतो, त्याने मात्र पातळी बघून धुवावंच. आणि ज्याला अजून बसवायचं आहे त्याने आधी वर्षाची बिलं काढून वापर बघावा आणि तेवढाच संच घ्यावा. जास्त अनुदान मिळतं म्हणून मोठा घेणं हे फुकट मिळालं म्हणून दोन पोती खत जास्त टाकण्यासारखं आहे.

पुढच्या बैठकीला येताना वही आणा, निदान दोन निरभ्र दिवसांची, धुण्याआधीचा एक आकडा आणि नंतरचा एक. कोणत्या तालुक्यात किती फरक पडतो ते एकत्र मांडू आणि या अंकातच छापू. आता जेवणं आहेत. त्यानंतर ज्यांना स्विच कोणत्या क्रमाने बंद करायचे आणि वायपर कसा ओढायचा ते बघायचं असेल त्यांनी गच्चीवर यावं. दहा-दहा जण या, आणि चपला खाली काढून ठेवू नका, स्लॅब तापलेला आहे.